हवेतला मिथेन वाढला म्हणजे देशाचं उत्सर्जन वाढलं का?

प्रश्न ऐरोलीहून एका एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: गूगल अर्थ इंजिनवरून सेंटिनेल-५पी उपग्रहाच्या मिथेनच्या नोंदी घेतल्या, २०१९ ते २०२४ ची भारतभराची वार्षिक सरासरी काढली, रेषा सरळ वर गेली. वाढ साधारण साडेतीन टक्के. तर भारताचं मिथेन उत्सर्जन साडेतीन टक्क्यांनी वाढलं असं प्रबंधात लिहिता येईल का? सरकारी अहवालातल्या आकड्यांशी ते कसं ताडायचं? आणि खाडीपलीकडचं कांजूरमार्गचं डम्पिंग यातून वेगळं दिसेल का?

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही, लिहिता येणार नाही. मी ठाण्यातच राहते आणि उपग्रहांच्या वायूनोंदी हेच माझं रोजचं काम आहे. तुमचा आलेख पाहताच मला जो आकडा आठवला तो जगाचा होता. जमिनीलगतच्या हवेतला मिथेन २०१९ साली जागतिक सरासरीने सुमारे १८६६ पीपीबी (हवेच्या एक अब्ज रेणूंमागे मिथेनचे इतके रेणू) होता, २०२४ साली १९३० च्या आसपास. म्हणजे वाढ जवळपास साडेतीन टक्के. तुमच्या रेषेत जे दिसतंय ते जवळजवळ पूर्ण जगाचं आहे. सहारा किंवा ऑस्ट्रेलियाचा चौकोन घेऊन हीच सरासरी काढून बघा, साधारण तशीच रेषा मिळेल. प्रबंधात पहिला आलेख हाच टाका, म्हणजे परीक्षकांचा पहिला प्रश्न आधीच निकालात निघेल.

कारण साधं आहे. मिथेन हवेत नऊ-दहा वर्षं टिकतो आणि तेवढ्या काळात साऱ्या जगात मिसळतो. ठाणे स्टेशनच्या पुलावरची डोकी मोजून ठाण्याहून किती जण गाडीत बसले हे सांगता येत नाही, कारण कल्याणकडून उतरलेले आणि वाशी-पनवेलची गाडी पकडायला धावणारेही त्याच गर्दीत असतात. उपग्रह पुलावरची गर्दी मोजतो. तुम्हाला हवीय ती एका दारातून आत येणारी माणसं. शिवाय हवेतला मिथेन वाढतो तो फक्त उत्सर्जनाने नाही. हवेतले हायड्रॉक्सिल रेणू तो नष्ट करतात आणि त्यांचं प्रमाण कमी झालं तर उत्सर्जन न वाढताही मिथेन साचतो. २०२० च्या टाळेबंदीत वाहनांचे नायट्रोजन ऑक्साइड घटल्याने हे रेणू कमी झाले आणि त्या वर्षीच्या मोठ्या वाढीत त्याचाही वाटा होता, असं अनेक अभ्यासांत आढळलं.

आता खरा प्रश्न. देशाच्या उत्सर्जनातला बदल हवेत किती उमटतो? हे गणित कागदावर करता येतं आणि प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा स्वतः करावंच. एक चौरस किलोमीटर जमिनीवर उभी असलेली सगळी हवा, थेट वरपर्यंतची, धरली तर तिच्यात एक पीपीबी मिथेन वाढायला साधारण ५.७ किलो मिथेन लागतो. भारताचं उत्सर्जन वर्षाला २ कोटी २० लाख टन धरू. हा आकडा कुठला ते पुढे सांगते. त्याला ३२.८७ लाख चौरस किलोमीटरने आणि ३६५ ने भागा. रोज प्रत्येक चौरस किलोमीटरमागे सुमारे १८ किलो, म्हणजे सव्वातीन पीपीबीच्या आत. वारा एखादा हवेचा गोळा देशावरून चार दिवसांत नेत असेल, तर बाहेर पडताना त्यात सगळ्या भारताची भर असते जेमतेम १३ पीपीबी. १९०० मध्ये १३.

आणि उत्सर्जन खरोखरच साडेतीन टक्क्यांनी वाढलं तर? या १३ चे साडेतीन टक्के. अर्धा पीपीबीसुद्धा नाही.

हा अर्धा पीपीबी शोधताना समोर काय काय उभं असतं ते बघा. उपग्रहाच्या एका नोंदीत दहा-पंधरा पीपीबीचा गोंगाट, म्हणजे कशीही वरखाली होणारी चूक, सहज असते. हा गोंगाट हजारो नोंदींच्या सरासरीत बराच विरतो, त्याची मला फार चिंता नसते. चिंता असते ती एका दिशेने झुकणाऱ्या चुकांची, कारण सरासरीने त्या जात नाहीत. सेंटिनेल-५पी वरचं ट्रोपोमी हे उपकरण जमिनीवरून परतणारा सूर्यप्रकाश २.३ मायक्रॉनच्या आसपास वाचतं. जमीन गडद असली की परतणारा प्रकाश कमी आणि उत्तर थोडं सरकतं. ओली माती या तरंगलांबीला गडद असते. परतीचा पाऊस लांबलेल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात मराठवाड्याची माती ओली राहिली, तर मिथेन तोच असूनही नोंद वेगळी येऊ शकते. गंगेच्या मैदानावरचं हिवाळी धुरकंही असाच घोळ घालतं.

म्हणून बदल मोजताना माझा आग्रह एकाच गोष्टीवर असतो. आकडा नेमका असण्यापेक्षा मोजण्याची पद्धत दरवर्षी तीच असणं जास्त महत्त्वाचं. दरवर्षी सारखीच चूक होत असेल तर बदल वाचवता येतो. चूकच दरवर्षी बदलत असेल तर कितीही भारी सांख्यिकी लावा, उपयोग नाही. कमी-जास्त दिसलं की आधी विचारायचं: बघण्यात काय बदललं? उत्सर्जनाची पाळी त्यानंतर.

अर्थ इंजिनवर काम करताना हा प्रश्न विशेष नडतो. तिथल्या मिथेनचा जाळीदार नकाशा ०.०१ अंशाचा आहे, म्हणून झूम केल्यावर एक-एक किलोमीटरचे चौकोन दिसतात आणि वाटतं, वा, घणसोली वेगळी, रबाळे वेगळं! तसं नाही. ट्रोपोमीचा खरा पिक्सेल ५.५ बाय ७ किलोमीटरचा आहे आणि ऑगस्ट २०१९ च्या आधी तो ७ बाय ७ होता. मधले चौकोन जाळी बसवताना भरलेले असतात. तुमच्या मालिकेचं पहिलंच वर्ष अर्धं एका मापाचं, अर्धं दुसऱ्या मापाचं आहे, हेही लक्षात घ्या. दुसरं म्हणजे प्रक्रियेचं सॉफ्टवेअर वेळोवेळी बदललं आहे. प्रत्येक फाइलच्या गुणधर्मांत व्हर्जन लिहिलेलं असतं, ते काढून वर्षागणिक तक्ता करा. वेगवेगळी व्हर्जन मिसळली असतील तर त्या आलेखाचा नाद सोडा आणि सुरुवातीपासून एकाच व्हर्जनने पुन्हा प्रक्रिया केलेल्या मूळ लेव्हल-२ फाइली (जाळी न बसवलेल्या, पिक्सेलनिहाय नोंदी) घ्या. गुणवत्तेची खूण ०.५ च्या वरचीच नोंद घ्या आणि बायस-करेक्टेड (एका दिशेने झुकणारी चूक दुरुस्त केलेला) रकाना वापरा. ट्रोपोमी आणि जपानचा गोसॅट उपग्रह यांचा मेळ घालून केलेली ब्लेंडेड मालिकाही उपलब्ध आहे. जमिनीच्या उजेडामुळे येणाऱ्या चुका तिच्यात बऱ्याच कमी आहेत आणि भारतासाठी मी तीच आधी उघडते.

उंचीचं एक राहिलं. मिथेन वातावरणाच्या वरच्या थरात कमी असतो. घाटमाथ्यावर खालची हवा कमी पडते, म्हणून वरच्या थराचा वाटा वाढतो आणि सरासरी घसरते. नकाशात कोकणपट्टी 'तापलेली' आणि सह्याद्री 'थंड' दिसला म्हणून कोकणात उत्सर्जन जास्त, असा निष्कर्ष काढू नका.

ढगांवर मात्र जरा थांबावं लागेल, कारण भारताच्या बाबतीत सगळ्यात मोठी अडचण तीच आहे. ट्रोपोमी ढगातून मिथेन वाचू शकत नाही. जून ते सप्टेंबर ठाणे जिल्ह्यावर वापरण्याजोगी नोंद मिळणं दुर्मीळच. नेमकं याच काळात शहापूर, मुरबाड, कर्जतच्या भातखाचरांत पाणी उभं असतं आणि चिखलातले जिवाणू मिथेन सोडत असतात. ढग हटेपर्यंत भात कापणीला आलेलं असतं. म्हणजे देशातल्या खरिपाच्या भाताचा मोठा काळ उपग्रहाला जवळजवळ दिसतच नाही. तुमच्या वार्षिक सरासरीत जुलै-ऑगस्टच्या नोंदी आल्या असतील तर त्या बहुतेक राजस्थान, कच्छ अशा कोरड्या भागांतल्या असणार. 'भारताची सरासरी' महिन्यागणिक वेगळ्याच भारताची असते, आणि पाऊस कमी पडलेल्या वर्षी आणखी वेगळ्या भारताची.

यावर माझा उपाय असा. आधी मिथेन बाजूला ठेवा आणि नुसत्या नोंदींची संख्या मोजा: प्रत्येक पिक्सेल, प्रत्येक महिना, प्रत्येक वर्ष. सगळ्या वर्षांत पुरेशा नोंदी असलेले पिक्सेल-महिनेच तुलनेत घ्या. बहुधा डिसेंबर ते मे उरेल. उरलेल्या चित्रात गुरं, कचरा, कोळसा, बंगालचं उन्हाळी भात यांचा हिस्सा येतो. कोकणातलं भात येत नाही. तसं स्पष्ट लिहा. त्याने प्रबंध हलका होत नाही.

पुढची पायरी पार्श्वभूमी, म्हणजे बाहेरून येणाऱ्या हवेत आधीच असलेला मिथेन, वजा करण्याची. इथे वारा फिरतो हे विसरू नका. पावसाळ्यात आपल्याकडे येणारी हवा बऱ्याच अंशी विषुववृत्तापलीकडची, कमी मिथेनची असते. हिवाळ्यात ती ईशान्येकडून, आधीच भरलेली येते. गोव्यातल्या काबो द रामा इथे १९९३ पासून काही वर्षं हवेचे नमुने घेतले जात होते. त्यांत पावसाळ्यात मिथेन खाली आणि हिवाळ्यात वर, हा हेलकावा स्पष्ट दिसतो. उत्सर्जनाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. म्हणून वजा करायची ती त्या दिवशी वारा जिकडून आला तिथली हवा. ठरावीक एक चौकोन वर्षभर वापरू नका.

एवढं केल्यावर 'भारतावरची भर' मिळेल. तिचं टनांत रूपांतर करायला इन्व्हर्जन लागतं. आधी एक अंदाज घ्यायचा, म्हणजे कुठून किती मिथेन सुटतो याचा नकाशा, बहुधा युरोपीय आयोगाचा एडगर. तो हवेच्या मॉडेलमधून वाहवायचा, उपग्रहाला काय दिसायला हवं होतं ते काढायचं आणि प्रत्यक्ष नोंदींशी जुळेपर्यंत अंदाज दुरुस्त करायचा. हार्वर्डच्या गटाने यासाठी आयएमआय नावाचं खुलं साधन केलं आहे, ते क्लाउडवर चालतं. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला ते शक्य आहे, पण क्लाउडचं बिल कोण भरणार हे मार्गदर्शकांशी आधी बोलून घ्या. उत्तर आलं की पहिल्यांदा मी टनांकडे बघतच नाही. त्या भागात उत्तर नोंदींतून आलं की मूळ अंदाजातून, हे सांगणारा संवेदनशीलतेचा नकाशा उघडते. जिथे नोंदीच नाहीत तिथे मॉडेल तुमचाच अंदाज तुम्हाला परत देतं. आणि अंदाजात तुम्ही दरवर्षी दोन टक्के वाढ घातली असेल, तर ढगाळ भागात उत्तरातही दोन टक्के वाढ निघेल. म्हणून बदल शोधायचा असेल तर अंदाज सगळ्या वर्षांना एकच ठेवा.

वर घेतलेला २ कोटी २० लाख टनांचा आकडा असाच आला आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोसॅट, जमिनीवरची केंद्रं आणि विमानातल्या नोंदी एकत्र करून २०१०-१५ साठी भारताचं सरासरी उत्सर्जन २२ दशलक्ष टन निघालं, मर्यादा १९.६ ते २४.३. तो आकडा भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या आकड्याशी जुळला आणि त्या काळात लक्षणीय वाढ आढळली नाही. जगाचा मिथेन तेव्हाही वाढतच होता. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. वरखाली दहा टक्क्यांची मर्यादाही बघून ठेवा. इतकं सगळं करून अनिश्चितता एवढी राहते, तेव्हा पाच वर्षांत साडेतीन टक्के बदल झाला असं ठामपणे म्हणणं अवघडच. तुर्कमेनिस्तानसारख्या देशात गॅसच्या मोठ्या गळत्या एकेकट्या दिसतात आणि थांबल्या तर तेही दिसतं. आपलं तसं नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात गाई-म्हशी ३० कोटींवर आहेत. प्रत्येकीचा वाटा छोटा आणि साऱ्या देशभर विखुरलेला.

सरकारी अहवालाशी ताडताना एक सापळा आहे. अहवालात मिथेन बऱ्याचदा एका गुणकाने गुणून कार्बन डायऑक्साइडच्या समतुल्य टनांत देतात. भारताच्या सुरुवातीच्या अहवालांत हा गुणक २१ होता. पॅरिस करारानंतरच्या नियमांत तो २८ आहे. गुणक न बघता दोन अहवाल शेजारी ठेवले तर मिथेन तेवढाच असून तेहतीस टक्के वाढ दिसते. आधी सगळं मिथेनच्या टनांत आणा. मग क्षेत्रं बघा. अहवालात पाणथळ जागांचा, म्हणजे आपल्या खाडीच्या चिखलाचा वगैरे, नैसर्गिक मिथेन धरत नाहीत, पण उपग्रहाला तो दिसतो. तो वेगळ्या मॉडेलने काढून वजा करावा लागतो आणि तिथली अनिश्चितताही उत्तरात येते.

आता कांजूरमार्ग. ऐरोलीच्या पुलावरून दिसतो तो डोंगर उपग्रहाला दिसलेला आहे, पण ट्रोपोमीला एकट्याने नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ट्रोपोमीने शहर हेरलं आणि सुमारे २५ मीटरचा तपशील दाखवणाऱ्या जीएचजीसॅट उपग्रहांनी त्यातली कचराभूमी गाठली. ब्यूनस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई ही ती चार शहरं. कांजूरमार्गचा आकडा तासाला ९.८ टन, म्हणजे तोच दर वर्षभर धरला तर ८५ हजार टन, आला होता.

ट्रोपोमीला एकट्याने का जमत नाही ते पुन्हा कागदावर बघू. ५.५ बाय ७ च्या पिक्सेलमध्ये एक पीपीबी म्हणजे सुमारे २२० किलो. वारा ताशी ११ किलोमीटर असेल तर मिथेन पिक्सेलमधून बाहेर जायला पस्तीसेक मिनिटं लागतात. तेवढ्यात साडेपाच टन साचेल, म्हणजे २५ पीपीबी. वारा दुप्पट झाला की साडेबारा, गोंगाटाच्या पातळीवर. त्यात उपग्रह येतो दुपारी दीडच्या सुमारास. आपल्याकडे तेव्हा खारा वारा सुटलेला असतो आणि मिथेनचा लोट खाडीवरून घणसोली-रबाळ्याकडे सरकतो. पाण्याचा पृष्ठभाग या प्रकाशात जवळजवळ काळा असतो, म्हणून खाडी व्यापणारे पिक्सेल गाळणीत गळतात. म्हणजे लोट जिथे जातो तिथलीच नोंद नाही! शिवाय वाऱ्याचा आकडा सगळे घेतात तो ईआरए-५ या जागतिक हवामान-संचातून, आणि त्याचा एक चौकोन पाव अंशाचा. जुहूच्या किनाऱ्यापासून दिव्यापर्यंतचा पट्टा त्यात जवळपास मावतो. इतक्या ढोबळ आकड्यात खाडीवरचा वारा नीट उतरत नाही. वाऱ्यात तीस टक्के चूक म्हणजे उत्सर्जनात तीस टक्के चूक, सरळ प्रमाणात.

कांजूरमार्गसाठी मग काय करायचं? कार्बन मॅपरचं पोर्टल, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या नासाच्या एमिट उपकरणाच्या नोंदी, संयुक्त राष्ट्रांच्या मिथेन वेधशाळेचा नकाशा, हे तिन्ही खुलं आहे. तिथे मुंबई परिसरातले मिथेनचे लोट शोधा. पण दोन-चार क्षणचित्रांवरून कल काढू नका. कचराभूमीचं उत्सर्जन हवेचा दाब, ताजा थर, वायू गोळा करणाऱ्या विहिरी यांप्रमाणे दिवसागणिक बदलतं. लोट दिसला नाही म्हणजे उत्सर्जन नाही असंही नाही. उपग्रह तिथून गेला होता का आणि आकाश निरभ्र होतं का, हे आधी बघा. आणि एकाच उपग्रहावर सगळं उभारू नका. मार्च २०२४ मध्ये अवकाशात गेलेल्या मिथेनसॅट उपग्रहाकडून आम्हा सगळ्यांना केवढी आशा होती. जून २०२५ मध्ये त्याच्याशी संपर्क तुटला.

तुम्ही काय करावं हे तुमच्याकडे किती वेळ आहे यावर ठरेल. तीन-चार महिने असतील तर इन्व्हर्जनच्या वाटेला जाऊ नका. पिक्सेल-महिने जुळवून, वाऱ्यानुसार पार्श्वभूमी वजा करून, गंगेचं मैदान आणि दख्खन अशा दोन प्रदेशांवरची भर २०२० ते २०२४ दाखवा आणि फरक तुमच्या अनिश्चिततेत मावतो का ते सांगा. बहुधा मावेल. तेही उत्तरच आहे, आणि प्रसिद्ध करण्याजोगं. वर्षभर हाताशी असेल तर आयएमआय घ्या आणि अंदाज बदलून किमान दोनदा चालवा. पीएच.डी.चा विचार असेल तर २००९ पासूनची गोसॅटची मालिका जोडा. तिचे ठिपके विरळ आहेत, पण जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेतला मिथेन मोजणारी इतकी लांब आणि एकसारखी मालिका दुसऱ्या कुठल्या उपग्रहाकडे नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या सिंहगडावरच्या नोंदी मिळाल्या तर पडताळणीला सोन्याहून पिवळं.

नवा आलेख इथे टाकाल तेव्हा सोबत वर्षागणिक नोंदींची संख्या, फाइलींचं व्हर्जन आणि पार्श्वभूमी कुठली घेतली तेही द्या. मिथेनचा आकडा मी त्यानंतर बघेन.